दुसरा पक्षी

बाईंनी पिशवीतून टिश्यूत गुंडाळलेला चौकोन काढला,
आमच्या काउंटरवर, एका कर्नलच्या खांद्यांशेजारी ठेवला.
वीतभर रेशीम, कधीकाळी निळं.
खाली लाटा, लाटांतून वर आलेला खडक,
आणि ढगांत दोन पक्षी, चोचीत कसलीशी अळंबी.
"बगळे छान आहेत," मी म्हणाले.
"बगळे नाही. सारस."
रांजणगावला फ्रिजच्या कारखान्यात सहा वर्षं काढलेली
त्यांची मराठी 'नाही' फार ठाम म्हणते.

छातीवर लावायचा हा. असाच एक पाठीवर.
कोरियाच्या दरबारात लेखणीवाल्यांना पक्षी,
तलवारवाल्यांना वाघ.
खालच्याला एक, वरच्याला दोन.
हे मला लगेच कळलं. कॅम्पात जन्मले मी,
बाराखडीच्या आधी तारे मोजायला शिकले:
दोन म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन,
आणि सिंह आला की अब्बा खुर्ची पुसायचे.

मार्चमध्ये मुलाचं लग्न, खराडीच्या हॉलवर.
त्यांच्याकडे म्हणे साधा शेतकऱ्याचा पोरसुद्धा
लग्नाच्या दिवशी अंमलदाराचा झगा घालायचा,
तेवढ्या दिवसापुरतं कोणी हटकायचं नाही.
"आमच्याकडे तर नवरदेव," मी म्हटलं. "एकदम देवच."
त्या हसल्या. मग दुसऱ्या पक्ष्यावर बोट ठेवलं.
कसरीनं मान खाल्ली होती, एक पंख लोंबत होता.
"जमत नसेल तर काढून टाका. एक पुरे."

एक पुरे.

असाच एकदा रात्री ऑर्डर्ली आला होता,
शटर अर्धं ओढलेलं. "एक तारा काढायचाय."
कोणाचा, कशासाठी, अब्बांनी विचारलं नाही.
चिमट्यानं कलाबतू उसवली,
कापड वाफेवर धरलं, नखानं घासलं, परत वाफेवर.
भोकं बुजेनात.
पैसे घेतले नाहीत त्यांनी. ऑर्डर्ली गेल्यावर
बराच वेळ तो काढलेला तारा
कुठल्या डबीत टाकावा, हेच बघत बसले.

"काढत नाही," मी बाईंना म्हटलं. "राहू द्या आठ दिवस."

कोंढव्याला घरी फ्रेमवर ताणला, भिंग लावलं.
मागच्या बाजूनं पहिल्या पक्ष्याचे टाके
मुंग्यांची रांग जावी तसे.
दुसऱ्याचे मोठे, घाईचे, पांढराही जरा वेगळा,
आणि त्याच्या पोटाखाली, पुरता झाकलेला, एक ढग.
म्हणजे आधी तिथे ढगच होता.
पक्षी मागाहून आला.

हुकूम निघाला असेल, बढतीचा कागद आला असेल.
असेलही.
पण दरबारी कारागीर असे टाके घालत नाही.
हे दिव्याशी वाकून घातलेले, घर निजल्यावर,
सकाळच्या वरातीसाठी
कोणा आईनं परस्पर देऊन टाकलेली बढती.

बाईंना सांगावं की नको, दोन दिवस ठरेना.
मान भरली. पंख बसवला.
डोक्यावरची लाल टिकली
एका जनरलच्या कॉलरपट्टीतून उरलेल्या दोऱ्याची.
टाके मुद्दाम मोठे घातले, तिच्या मापाचे.
शेवटी दोरा कापायला कात्री उचलली,
ठेवून दिली,
दातांनी तोडला.

बिलावर लिहिलं: पक्षी, दुरुस्ती, नग एक.