ओठाआडचं आमिष

मोकेईमामा बर्फावर बोलत नाही.
त्यात गूढ वगैरे काही नाही.
आमिषाच्या अळ्या थंडीनं कडक होतात,
म्हणून त्या त्यानं खालच्या ओठाआड धरलेल्या असतात,
तंबाखूची चिमूट धरावी तशा.

मी तार्तूहून येते, महिन्यातून एकदा, शनिवारच्या बसनं.
आठवडाभर प्रयोगशाळेत मासे मोजते:
लांबी, वजन, नर की मादी, वय.
सुट्टीतही मासेच का गं, आई विचारायची.
सुट्टीत मासे नाहीत, आई. सुट्टीत तळं.

पैप्सीचा पलीकडचा काठ दिसत नाही.
तरी कुणी त्याला समुद्र म्हटलं की मामा चिडतो.
समुद्राच्या पाण्याचा चहा करून दाखव, म्हणतो.

पहाटे त्यानं कराकात सुरू केली.
ट्रकच्या चार फुगीर ट्यूबा,
वर जुन्या मोटरसायकलचं इंजिन, बसायला शाळेतला बाक.
कांद्याच्या वाफ्यांवरून निघालो, बर्फाखाली त्यांचे नुसते उंचवटे.
मग प्रार्थनाघर, मग वाळलेले बोरू,
आणि मग जमीन कधी संपली ते मला नेहमीसारखंच कळलं नाही.
त्याला कळलं. त्यानं हातमोजा काढला,
दोन बोटांनी क्रूस केला, हातमोजा घातला.

गिरमिटानं सात भोकं पाडली.
बर्फ हातभर जाड. खालून पाणी वर आलं,
काळं, आणि जरा वेळानं नुसतंच स्वच्छ.
मी डब्यावर बसले. तो डब्यावर बसला.
दूर सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांची स्नोमोबाइल आली,
आम्हाला मोजलं (दोन), आणि निघून गेली.

तास गेले.
बर्फ मधूनच पोटातून गुरगुरायचा,
लांबून यायचा, आमच्या बुडाखालून जायचा.
पायाची बोटं आधी दुखली,
मग दुखायची थांबली, ते जास्त वाईट.
मामानं ओठ मुडपून एक अळी काढली,
गळाला लावली, दोर सोडला.
हे त्यानं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही.
मोजायचं नाही असं ठरवूनच आले होते.

दुपारी एक ओकुन लागला. एकच.
पट्टेरी, लालबुंद परांचा, पाठीवर काटे उभारलेला.
मामानं तो बर्फावर ठेवला.
पाच मिनिटांत त्याचं लाकूड झालं.

घरी अकुलिनामामीनं तो जस्ताच्या घमेल्यात टाकला
आणि चुलीकडे वळली.
आम्ही साखरेचा खडा दातांत धरून चहा पीत होतो.
ओठ रिकामा झाला होता, तरी मामा गप्पच.
तेवढ्यात घमेल्यात खळ्ळकन वाजलं.
आधी कल्ला, मग शेपूट.
मग तो उलटा होता तो सुलटा झाला
आणि घमेल्याच्या कडेकडेनं फिरायला लागला,
नव्या घरात भाडेकरू फिरतो तसा.

मामी सुरी घेऊन उभी.
"जिवंत आहे की हा!"
"मघाशीही होता," मामा म्हणाला.
दिवसभरात तो एवढंच बोलला.

मी मनात हिशेब केला: तळं अर्धा तास,
बाहेर अंधार, उणे एकोणीस.
मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.
तिनं बाही सरसावली, "माफ कर रे बाबा," म्हणाली,
आणि तो कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

सूप मी दोन वाडगे प्यायले. खोटं कशाला बोलू.
कांदा भरपूर होता, बडीशेपेचा पाला होता.

जेवल्यावर कल्ल्यावरचं हाड
धुऊन, पुसून दिव्यासमोर धरलं. सवय.
हाडावर वर्तुळं असतात, हिवाळ्यागणिक एक.
मामा ताटावरून वाकला. "किती?"
"अकरा."
तो बराच वेळ त्या हाडाकडे पाहत राहिला,
मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे,
मग म्हणाला, उद्या भोकं जरा उत्तरेला पाडू.