बहात्तर तास

मुहोरोनीहून जेरीकॅन येतो बोडाबोडाच्या मागे बांधून,
झाकणाशी अजून मळीचा वास. उसाचाच अर्क हा,
शहाण्णव टक्के, इतका शुद्ध
की फरशीवर सांडला तर पुसेपर्यंतही थांबत नाही.

मला शिकवलं ओगुटूनं. आता तो निवृत्त, कोंबड्या पाळतो.
म्हणायचा, अपोन्डी, शुद्धावर फार भरवसा ठेवू नकोस,
निव्वळ अल्कोहोल उतावीळ असतं.
जंतूला शिवतं, वरची साल तेवढी आवळतं
आणि उडून जातं. आत घरधनी शाबूत.
पाणी लागतं, उकळून निववलेलं.
पाणी त्याला थोपवून धरतं, दारातून आत नेतं,
मग आतली प्रथिनं गोठतात
तव्यावरच्या अंड्यासारखी. ते अंडं पुन्हा कच्चं होत नाही.

म्हणून मी पाणी घालते. ऐंशीवर आणते.
काचेचा काटा नळीत सोडते,
तो डुलतो, डुलतो, मग ठरतो.
ग्लिसरीन थोडंसं, नाहीतर नर्सेसची बोटं उलतात
आणि उललेला हात बाटलीकडे जायचं टाळतो.
सगळ्यात शेवटी पेरॉक्साइड. त्याचं काम बाटलीतच,
तळाशी आधीच निजलेल्या बीजाणूंसाठी.
मग बहात्तर तास फळीवर.
गळ्यात तारखेची चिठ्ठी, कुणी हात लावायचा नाही.
ओगुटू म्हणायचा, हा बाटल्यांचा उपास,
आपल्या चाळीस दिवसांपेक्षा बरा, तीनच दिवसांचा.

जूनमध्ये मुलांच्या वॉर्डात उलट्या सुरू झाल्या.
खाट चार. दुपारी सहा आणि सात.
रविवारी अकरा.
सिस्टर मोराआ रिकामी बाटली टेबलावर आपटून म्हणाली,
हात धुवून त्याच्या मागे लागलोय आम्ही,
तुझ्या या पाण्यानं, तरी?
मी जपून ठेवलेला नमुना काढला, काटा सोडला.
ऐंशी.
पुन्हा सोडला. ऐंशी.
त्या रात्री मला वाटलं, काटा खोटा निघाला असता तर बरं.

प्रयोगशाळेचा निरोप आला: नोरोव्हायरस.
फ्लूचा विषाणू चरबीचा अंगरखा घालून हिंडतो,
अल्कोहोल तो अंगरखा विरघळवतं, संपला.
याच्या अंगावर अंगरखाच नाही.
उघडा, कवचाचा टणक, उतरवायचं काय?
बोटाबोटांतून तो माझ्या ऐंशी टक्क्यांच्या
हातावर तुरी देऊन गेला.

आणि हात तरी कसले. आया पहाटे काठावर ओमेना निवडून
तशाच पळत आलेल्या, खवले मनगटापर्यंत.
तेलावर माझं पाणी नुसतं घसरतं.
न्यांग्वेसो, सहा नंबरची आई,
बाजारातली बाटली घेऊन आली, माझीवर विश्वास उरला नव्हता.
तिच्यावर छापलेलं: नव्याण्णव पूर्णांक नऊ.
तिनं विचारलं, मग माझ्या पोराला झालं ते कुठलं?
मी बाटली फिरवून सगळीकडून वाचली.
राहिलेल्याचं नाव कुठंच नव्हतं.

नळ कोरडा. पंप मार्चपासून बंद,
तीन अर्ज फायलीत. कुंपणाच्या पलीकडे
अख्खं सरोवर, पार क्षितिजापर्यंत पाणी.
मी अर्ज चौथ्यांदा लिहिला नाही.
ओन्डिटीची हातगाडी घेतली, सहा पिंपं, क्लोरीन,
खालच्या अंगाला तोट्या बसवल्या,
बाजारातून निळ्या साबणाची लांब वडी, सुतळीनं कापून.
साबण त्याला मारतच नाही. चामडीवरची पकड सोडवतो,
बाकीचं वाहतं पाणी बघून घेतं.
त्यालाही वेळ लागतो, मी आयांना मोजायला लावलं
आणि त्या मोजता मोजता भांडू लागल्या, कुणाचे वीस खरे.

नव्या बाटल्या पुन्हा फळीवर आहेत.
या खेपेस चिठ्ठीवर तारखेखाली मी पेननं लिहिलंय,
धोलुओत, मग स्वाहिलीत, मग चित्र काढून:
खोकल्याच्या खाटांना मी चालेन. हात कोरडे होईपर्यंत चोळा.
उलट्या-जुलाब असतील, हात मळले असतील,
तर मला सोडा, पिंपाकडे जा.
मोराआ म्हणाली, स्वतःच्या मालाची अशी बदनामी कोण करतं?
आणि एक चिठ्ठी खिशात घालून गेली.

अकरा नंबरचा पोरगा आज उठून तोटीशी उभा होता.
साबण चाटून पाहिला त्यानं.
तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा चाटला.