दम धर

मुहर्रकच्या प्रयोगशाळेत ग्रॅनाइटची एक लादी आहे,
आरशाहून सपाट. तिच्यावर हवेच्या पापुद्र्यावर
तरंगतं आमचं यान. यान कसलं,
पिंपाएवढा डबा, आठ नळकांडी, एक कॅमेरा,
आणि आत मी सहा वर्षं शिकवलेलं काहीतरी.

बदरुल रोज पहाटे लादी पुसतो,
स्पिरिटच्या फडक्याने, एकाच दिशेने.
दारं कितीही लावा, वाळू येतेच.
एक कण पुरतो. अंतराळ अडखळतं.

अनुदानवाल्यांना मी सोपं करून सांगते:
तिकडून प्रश्न यायला बावीस मिनिटं,
इकडून उत्तर जायला बावीस,
तोवर खडक थांबत नाही.
त्याचं त्यालाच ठरवता आलं पाहिजे.
ते माना डोलावतात. विचारतात, चुकलं तर?
मी पुढची स्लाइड लावते.

एका गुरुवारी हेस्सा आजोबांना घेऊन आली.
अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, एका कानाने बहिरे.
मोत्यांच्या शेवटच्या होड्यांवर होते, चौदाव्या वर्षी,
दोर धरायला.
खाली बुड्या मारणारा, पायाला दगड, नाकाला चिमटा.
खालून हिसका आला
की ओढायचं, जीव खाऊन.

त्यांनी लादीभोवती एक फेरी मारली,
वाकून डब्याच्या खाली पाहिलं,
काहीतरी पुटपुटले.
हेस्सा हसली नाही. म्हणाली,
विचारतायत, याचा दोर कुठाय?

मी मराठीत गप्प झाले.
आमच्याकडे परतीचे दोर कापणं ही शौर्याची गोष्ट,
चौथीत धडा होता, मी घडाघडा म्हणायचे.
आणि इथे एक जीव
(जीव म्हणू नये, शोधनिबंधात कापतात तो शब्द)
दोराशिवाय सोडायचा आहे,
तोही मीच.

हिसका आलाच नाही तर?
मी विचारलं, हेस्साने त्यांच्या बऱ्या कानात ओरडून सांगितलं.
म्हातारा म्हणाला, मीही वर श्वास कोंडून बसायचो.
माझा संपला, की ओढायचो.

त्या रात्री आम्ही लक्ष्य अर्धं झाकलं,
वर एक तिरपा, खोटा सूर्य लावला.
यान निघालं. हातभर अंतरावर
डावीकडून एक फुसकारा, उजवीकडून एक,
आणि जागच्या जागी उभं.
पोरं म्हणाली, अडकलं.
मी लॉग उघडला.
खात्री एक्केचाळीस टक्के. पुन्हा पाहतो आहे.

ती ओळ माझीच. मार्चमध्ये कधीतरी,
कंटाळून लिहिलेली.
पण कुणाला तसं वागताना
पहिल्यांदाच पाहत होते.

किती वेळ गेला कोण जाणे.
पोरं शावर्मा आणायला गेली.
बदरुल दाराशी आला, हात कॉम्प्रेसरच्या बटणावर:
मॅडम, हवा बंद करूं?

दम धर, म्हटलं. दम धर जरा.

त्याला मराठी येत नाही.
तो थांबला.