भात्याचा दोर

एस्किल्सतूनात नोव्हेंबरचा दिवस
साडेतीनलाच फळ्या लावून घेतो.
मंगळवारी सात वाजता आम्ही चौघं
लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत नकाशा पसरतो,
चार कोपऱ्यांवर कॉफीचे मग.
एरवी मी बस चालवतो. मंगळवारी राज्य चालवतो.

त्या रात्री त्यांनी मधेच वाट सोडली.
"गावात लोहार असेलच ना?" हम्पुसने विचारलं.
माझ्या वहीत डोंगर होता,
डोंगरात अजगर,
अजगरावर तीन पानं, दोन्ही बाजूंनी.
लोहार नव्हता.

"आहे," मी म्हणालो. "बाई आहे."
नाव?
समोरच्या रेडिएटरवर कंपनीचं जेवढं नाव
गंजून उरलं होतं, तेवढं वाचलं: ऑर्मा.
साठीची. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी.
ऐकू कमी येतं, म्हणून बोलणं घण घातल्यासारखं.
(कान माझ्या वडिलांचे.
बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
हे मी टेबलावर सांगितलं नाही.)

"दुकानात काय काय आहे?"
नाल, दाराच्या कड्या, भाल्यांची पाती,
एक तलवार, जिला पाणी नीट लागलेलं नाही
आणि ऑर्मा ते लपवत नाही.
आणि मागच्या भिंतीवर
(तोंड माझ्याआधीच बोलून गेलं)
धार लावायला टाकलेल्या वस्तू,
ज्या न्यायला कोणी आलं नाही.
बिनम्यानाचा खंजीर.
मोठ्या माणसाचं शिरस्त्राण,
आत गवत कोंबून पोराच्या मापाचं केलेलं.
कुऱ्हाड, दांड्यावर दातांच्या खुणा.

"सगळे उत्तरेला गेले," ऑर्मा म्हणाली.
"पैसे आधी दिलेत.
म्हणून दर पंधरवड्याला गंज काढते."

हम्पुसने तलवारीचा भाव विचारला.
इर्साने घासाघीस केली.
दिलनाझ गप्प.
दिवसभर दंतवैद्याकडे ट्रे धरून उभी असते ती,
आमच्यात मात्र केझर, भाडोत्री तलवार,
अकरा महिने, सात जखमा, एक न उतरलेला शाप.
ती म्हणाली, "भाता कोण ओढतं?"

"सध्या कोणी नाही."
"मग मी ओढते."
"आज?"
"आज. उद्या पण. मी उत्तरेला येत नाहीये."

खालच्या मशीनचं कपडे पिळणं ऐकू आलं.
"असं कसं?" हम्पुस म्हणाला. "आपण तिघं आहोत. अजगर आहे."
इर्साने नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं.
बुडण्याचा नियम होता, उंचावरून पडण्याचा होता,
विषाचे तर बारा प्रकार.
राहण्याबद्दल एक ओळ नाही.

"टाक फासा," मी म्हणालो.
वीस बाजूंचा निळा, एक कोपरा झिजलेला,
गडगडत जाऊन मगाला थडकला.
तीन.

तीन म्हणजे भाता उलटा फुसकला,
नाकातोंडात राख,
सकाळपासून तापत आलेलं लोखंड काळंठिक्कर.
हम्पुस हसला.
मी ऑर्माचं पुढचं वाक्य शोधत राहिलो.
हाकलेल? ओरडेल?

वडिलांनी एकदाच मला कारखान्यात नेलं होतं.
मी छर्‍यांचा खोका सांडला,
फरशीभर, मशीनखाली, नाल्यांत.
तेव्हा ते काय म्हणाले होते?
काही नाही.
गुडघे टेकून वेचत बसले होते.

"ऑर्मा खाली बसते," मी म्हणालो.
"राखेत बोट फिरवते. एक निखारा अजून धुगधुगतोय.
भात्याचा दोर पुन्हा तुझ्या हातात देते."
"बोलत काही नाही?"
"नाही."

दिलनाझने फासा उचलला.
टाक, असं मी म्हटलं नव्हतं.

अजगर अजून डोंगरातच आहे.
पुढच्या मंगळवारी निघताना हम्पुसने
आपली दुसरी कुऱ्हाड ऐरणीवर ठेवली,
पैसे आधीच मोजले.
"येतो न्यायला."
भिंतीवर एक खुंटी रिकामी होती.
दिलनाझने ती कुऱ्हाड
दाराशी टेकवून ठेवली.