उर्फ

वांद्र्याच्या कोर्टाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली
टंकलेखक पेडणेकर विचारतात,
"आधीचं नाव?"
आई माझ्याकडे बघते,
जणू आधीचं म्हणजे कुणा दुसऱ्या बाईचं.

आमची चाळ पाडणार आहेत.
टॉवरमधल्या खोलीसाठी कागदांवर एकच बाई हवी
आणि आईच्या कागदांवर दोन.
शाळेच्या दाखल्यावर शेवंता.
बाकी सगळीकडे सुलभा,
लग्नात परातीतल्या तांदळांत
बाबांनी अंगठीनं कोरलेली.
(त्या तांदळांचा पुढे भात झाला, आई सांगते.
चांगला मोकळा झाला होता.)

मी कोशात पाहिलं होतं: शेवंती, एक फुलझाड.
पुढे पूर्णविराम.

आईच्या कोशात दसऱ्याचा दुसरा दिवस आहे.
काल भाव खात होती ती शेवंती
आज दादरला गाईंच्या तोंडापुढे.
गणू आवटे, हमाल,
उरलेली पाटी डोक्यावर घेऊन
तसाच चालत नायगावच्या प्रसूतिगृहात.
चौथी मुलगी.
नर्सनं वही उघडली. नाव?
त्यानं पाटी खाली ठेवली
आणि बराच वेळ पाटीकडेच बघत राहिला.

"म्हणजे उरलेला माल," मी एकदा म्हणाले होते,
कॉलेजात होते, शहाणी.
आई मेथी निवडत होती.
"उरलेला नाय. घरी आणलेला.
बाकीच्यांनी तिथंच ओतला, रस्त्यावर."
आणि पुन्हा मेथीत.

पेडणेकर टाइप करतात: शेवंती.
"ती नाय, ता!" आई पहिल्यांदाच मोठ्यानं.
"ती फुलाला. मला ता."
ते मागे जातात, खोडतात, ता करतात.
शेवंता गणू आवटे उर्फ सुलभा केशव टेमकर,
वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून...

"उर्फ म्हंजे काय गं?"
"म्हणजेच," मी म्हणते.
"म्हणजेच," ती म्हणते,
बाजारात नाणं परत घेताना बघावं तसं
शब्दाला उलटंपालटं करून.

दोन्ही सह्या लागतील.
सुलभा झरझर होते, बँकेची सवय.
खाली शे काढायला मात्र
जीभ दातांत धरावी लागते,
आणि मात्रा इतकी वर जाते
की सुलभाच्या पायाला लागते.

"खराब झालं का?"

"चालेल," पेडणेकर म्हणतात
आणि शिक्क्यावर फुंकर घालतात.