चायनिक, त्सायनिक

अर्खांगेल्स्कच्या बालदवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
राइसा फेओक्तीस्तोव्नाची खोली:
एक लांब आरसा, दोन बुटक्या खुर्च्या,
स्पिरिटच्या बरणीत उभ्या चपट्या पट्ट्या.
दुपारचे साडेतीन, बाहेर मिट्ट काळोख.
तीखन, वय वर्षं सहा, र येत नाही.

मासा म्हण. रीबा.
तो म्हणतो तो र नव्हे, ग नव्हे,
पडजिभेपाशी कुठेतरी
गुळणी केल्यासारखं काही.
जीभ वर. आणखी वर. आता फुंकर.
मोटार चालू कर, बाळा.
मोटार थंडीनं धरलेली.

मग ती किटलीचं चित्र दाखवते.
त्सायनिक, म्हणतो तीखन, एकदम खडखडीत.
तक्त्यात च-पुढे फुली पडते.

दाराजवळच्या बाकावरून आजी, अग्राफेना,
बूट काढून पाय शेकत बसलेली, म्हणते,
आधी त्याला घोटभर त्साय पाजा,
मग बोलेल तो.

पेन्सिल थांबते.

मी हे ज्या लिपीत लिहितो आहे
तिनं चाकाचा च आणि चिमणीचा च
एकाच खुंटीला अडकवले, आणि हात झटकले:
ज्याचा त्यानं ओळखून घ्या.
तिकडे मात्र अक्षरं दोन, घरं दोन,
आणि पिनेगा नदीच्या काठी काही गावांत
मधली भिंत कुणी घातलीच नाही.

राइसा स्वतः कुर्स्ककडची.
वोरोनेझला शिकताना चाळीस-चाळीस वेळा
गळ्यावर तळवा ठेवून गोरद, गोरद,
ग कसा दार लावल्यासारखा हवा;
तिचा ग दार लोटून ठेवायचा,
फटीतून वारा.
शिकली. डिप्लोमा मिळाला.
पण रविवारी बहिणीला फोन लावला की
बर्फाचा स्न्येक तिच्या तोंडात
स्न्येख होऊन जातो,
आणि बहीण पलीकडे हसते, आलीस का घरी.

नवरा लेनिनग्रादचा, व्सेवोलद.
बोर्श्च म्हणायचा दोन पायऱ्यांनी,
निश्चयातला श्च.
बाकी सगळे एकाच लांब श्श-वरून घसरत जातात.
तो जाऊन सहा वर्षं झाली.
सूप वाढताना ती अजून
दुसऱ्या पायरीसाठी क्षणभर थांबते.

रबरानं फुली पुसली जात नाही, करडा डाग राहतो.
दोष, कारण, उपाय, एवढेच रकाने.
ती समासात लिहिते: पिनेगा.
मग वाटतं, वरिष्ठ विचारतील,
आणि त्याच्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह काढते,
मग तेही गिरवून टाकते.

आजी टोपीचे बंद बांधताना विचारते,
र आला म्हणजे ते दुसरं जाणार नाही ना हो?
याच्या आजोबांचंही तसंच होतं.
कुठलं, र की त्स, हे ती सांगत नाही.
राइसा उत्तर देत नाही. डायरी उघडते.

पुढच्या गुरुवारी.
ती थकलेली, म्हणून शेवट सैल सुटतो: चेत्व्येर्ख.
त्सेत्व्येर्क, आजी मान हलवते,
विसरू नये म्हणून पुन्हा एकदा.
आणि तीखन, एक हात मोज्यात, एक बाहेर,
जिना उतरताना घशातल्या घशात
तो वार घोळवत जातो,
सुरुवात आजीची,
मधला खरखरता भाग त्याचा स्वतःचा,
आणि शेवटी, राइसा दारात उभी राहून ऐकते,
शेवटी कुणाचा, हे खालचं दार वाजल्यामुळे
नीट कळत नाही.