शब्दमर्यादा पाचशे

फॉर्मच्या सातव्या पानावर एक चौकट आहे,
सारवून वाळलेल्या अंगणाएवढी रिकामी.
वर लिहिलंय : स्वतःविषयी सांगा.
खाली, बारीक : शब्दमर्यादा पाचशे. इंग्रजीत.

स्वतःविषयी मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.
विचारलं ते एवढंच : कोणाची व तू? कोणत्या टोलीची?
आणि उत्तराला एक शब्द पुरायचा.

अर्जुनीच्या उपरीकर सरांनी नमुना दिला,
मागल्या वर्षी नंबर लागलेल्या पोराचा.
त्यात कंदील होता, कंदिलाखाली अभ्यास,
शेवटच्या ओळीत कंदिलाचेच आभार.
मी ओळखते त्या पोराला. गोवर्धन मारबते.
त्याच्या घरी दोन ट्यूबलाइट आहेत, आणि इन्व्हर्टर.
सर म्हणाले, "तुझ्याकडं काय आहे सांग. पूर? साप?
वडील आहेत ना?"

वडील होते. पडवीत बसून जाळ्याचं भोक सांधत होते,
दातात दोरा, कानाशी मॅचची कॉमेंट्री.
आता ह्यांना पाचशे शब्दांत मी कुठं मारू?

तीन रात्री मी "लहानपणापासूनच मला" इथवर आले
आणि खोडलं.
लहानपणापासून मला काय?
लहानपणापासून मला कालवणातलं मरळीचं डोकं आवडतं.
हे विद्यापीठाला कसं सांगतात?

चौथ्या रात्री कोठीतून सातवीची वही निघाली,
गणिताची. मागच्या पानांवर माझा तलाव :
पाणी चौथ्या पायरीवर. आज शिंगूर, आज पोष्टी.
पाणी सहाव्या पायरीवर. आज दाडक. मुरकुटी नाही.
मुरकुटी नाही.
मुरकुटी नाही.
मग पुढं पायथागोरस.

तिथून लिहायला लागले.
सोसायटीनं बाहेरचं बीज सोडलं ते साल,
बेशरमीनं काठ गिळला ते साल,
आम्ही बायापोरींनी कमरेइतक्या गाळात उभं राहून
ती मुळासकट उपटली, पांज लावलं, चिऊल लावलं,
आणि मी रोज पायरीवर जाऊन पाहायची
कोण परत आलं.
चिऊलला इंग्रजी नाही. असलं तर मला ठाऊक नाही.
जसं होतं तसं लिहिलं.
मोबाइलनं प्रत्येक नावाखाली तांबडी रेघ ओढली,
नागमोडी, पाण्यातल्या दिवडासारखी.
शिंगूर चूक. दाडक चूक. देवधान चूक.
गावाचं नाव चूक. माझं आडनावही.

आई बाजारातून आली, टोपली पालथी घातली,
हात धुतले, तरी वास राहिलाच.
"त्यात मावा नाव आहे का व?"
मी म्हटलं, आहे.

नव्हतं.
दुपारी शब्द जास्त झाले म्हणून एक ओळ काढली होती.
ही सगळी नावं मला कोणी शिकवली, ती ओळ.
तिच्या जागी "आमच्याकडे म्हणतात" असं ठेवलं होतं.
आमच्याकडे कोण म्हणतं?
ती म्हणते. किलोमागे भाव सांगताना,
गिऱ्हाईक फक्त रोहू मागत असताना,
मला कोपरानं ढोसून, हळू : ही बघ, ही पोष्टी.

नेटवर्क गावात नाही, तलावाच्या पारीवर आहे,
मोहाच्या बुंध्याशी, दोन पावलं डावीकडं.
अंधारात तिथं गेले. ओळ परत घातली.
"मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे" हे काढलं,
सरांनी घालायला लावलेलं.
तरी पाचशे एक.
चौकट ऐकेना. बटण राखाडीच.

खाली पाण्यात काहीतरी उसळलं, पुन्हा शांत.
मी वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.
एकही शब्द मला सोडून जायला तयार नव्हता.
मग पोष्टी आणि दाडक ह्यांच्यामधली
मोकळी जागा तेवढी काढून टाकली.
एका जाळ्यात ती याआधीही राहिली आहेत.